वहीतली माणसं

"वय?"

"एकसष्ट."

"आजार?"

"छातीत कळ आली. दुपारी दोनच्या सुमाराला. दवाखान्यात पोचेपर्यंत संपलं होतं."

"मागे कोण कोण?"

"एक मुलगी. नवरा."

"मुलगी रडतेय?"

"नाही. गप्प बसलीय. तिच्याशी जरा जपून बोलायला सांगा साहेबांना."

"बरं. बारीक गोष्ट एखादी?"

दवाखान्याच्या बाकावर बसलेल्या मामांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला आणि थोडा विचार केला. "नवरा कामावरून घरी आला की रोज विचारायची, आज सोबत किती माणसं होती. कमी होती म्हटलं, की त्या दिवशी जेवताना बोलायची नाही."

पलीकडे पेनाचा आवाज येत होता. "नवरा काय करतो?"

"ड्रायव्हर आहे. आपल्या गाडीवर."

पेन थांबलं.

"मामा," पलीकडचा माणूस म्हणाला, "कोण गेलं?"

मामांनी समोर पाहिलं. समोरच्या बंद दाराच्या आत ती होती आणि दाराबाहेर तिच्या चपला होत्या. "आमची ही," ते म्हणाले.

सव्वीस वर्षांची सवय होती, दुसरं काय! माणूस गेलं की मामांचा हात आपोआप फोनकडे जायचा. बायको गेली तेव्हाही गेला. मुलीला जवळ घ्यावं, बहिणीला कळवावं, यातलं काहीही सुचायच्या आत त्यांनी साहेबांच्या कार्यालयात नोंद करून टाकली होती.

मामा शववाहिनी चालवायचे. वस्तीतले सगळे तिला नुसतं 'गाडी' म्हणायचे आणि त्यांना गाडीमामा. गाडी साहेबांनी दिलेली होती, आणि ते कुणी विसरू नये म्हणून तिच्या दोन्ही बाजूंवर हातभर अक्षरांत साहेबांचं नाव रंगवलेलं होतं. साहेब म्हणजे इथून निवडून जाणारे साहेब. पाच वेळा निवडून आलेले. गंमत अशी, की त्यांच्याविषयी कुणी चांगलं बोलल्याचं मामांनी कधी ऐकलं नव्हतं. नळाला पाणी नाही म्हणून लोक त्यांच्या नावानं बोटं मोडायचे, रस्त्यातले खड्डे त्यांच्या नावानं ओळखायचे. आणि रेल्वेफाटकावरच्या पुलाचा विषय निघाला की शांत माणूससुद्धा आवाज चढवायचा. वस्ती फाटकाच्या अलीकडे आणि दवाखाना पलीकडे. अकरा वर्षांपूर्वी पुलाचं काम सुरू झालं, नऊ खांब उभे राहिले आणि तिथंच थांबले. तेव्हापासून त्या खांबांवर साहेबांची पोस्टरं लागत होती. दोन निवडणुका साहेबांनी त्याच पुलावर जिंकल्या, तो नसताना.

कारण साहेब प्रत्येकाच्या घरी जायचे. लग्नाला एकवेळ नाही, पण माणूस गेलं की हमखास. चौथ्या दिवशी, सकाळी, एकटे. बडेजाव नाही, बरोबर माणसं नाहीत. बसायचे, गेलेल्याचं नाव घ्यायचे आणि अशी एखादीच बारीक गोष्ट बोलायचे, की घरातली माणसं चकित होऊन एकमेकांकडे बघायची. तुमचे वडील दाढी करताना शीळ घालायचे. तुमच्या बहिणीला पावाची फक्त कड आवडायची. इतक्या मोठ्या माणसाला आपल्या माणसाचं हे ठाऊक होतं! मग बापाची शीळ आठवून पोरगा हमसून रडायचा आणि साहेब त्याच्या पाठीवर हात ठेवून बसून राहायचे.

ती गोष्ट तिथवर पोचायची मामांमार्फत. घरातून निघून स्मशानभूमीपर्यंत अर्धा तास लागतो. तेवढ्या वेळात नातेवाईक मागच्या बाकावर बसून बोलतात, रडतात, मध्येच एखादी आठवण काढून हसतातही. मामांचे डोळे रस्त्यावर आणि कान मागे. परत आले की ते फोन करायचे आणि कार्यालयातला तो माणूस जाड वहीत सगळं लिहून घ्यायचा. त्याला मामा वहीवाला म्हणायचे. हे पाप आहे असं मामांना कधी वाटलं नव्हतं. चार शब्दांनी कुणाचं मन हलकं होत असेल तर वाईट काय? आणि खरं सांगायचं तर, आपण ऐकलेलं कुठेतरी लिहिलं जातंय याचं त्यांना बरंच वाटायचं. त्यांच्या डोक्यात तरी किती माणसं मावणार!

बायकोला हे माहीत होतं. तिला पसंत नव्हतं. "लोकांचं ऐकलेलं असं पुढं सांगू नये," ती म्हणायची. पण तेवढंच. भांडण करायचा तिचा स्वभाव नव्हता.

ती गेली त्या दुपारी रुग्णवाहिका बोलावली होती. ती फाटकाच्या पलीकडे अडकली. मामांची गाडी दारातच उभी होती. दुसरा इलाज नव्हता. मागचं दार उघडल्यावर तिनं एकदा आत पाहिलं आणि तशाही अवस्थेत म्हणाली, "अहो, बसू की झोपू?"

ती नातेवाइकांच्या बाकावर बसली. मुलीनं तिला धरलं होतं. फाटकाशी आले तर मालगाडी चाललेली आणि पुढं ट्रकांची रांग. मामांनी हॉर्न वाजवला. शववाहिनीला भोंगा नसतो, तिला कसली घाई? पुढच्या लोकांनी वळून गाडी ओळखली, साहेबांचं नाव वाचलं आणि अदबीनं माना खाली घातल्या. दोघा-तिघांनी मोटरसायकली बंद केल्या. एक म्हातारा टोपी काढून उभा राहिला. मामा खाली उतरून ओरडत सुटले, "जिवंत आहे ती. वाट द्या, अहो जिवंत आहे." तेव्हा एका भल्या माणसानं त्यांना खांद्याला धरलं आणि हळू आवाजात म्हणाला, "सुरुवातीला असंच वाटतं हो. धीर धरा." फाटक उघडलं, पाच ट्रक गेले, सहावा रुळांच्या तोंडाशी बंद पडला आणि फाटक पुन्हा पडलं. दुसऱ्यांदा उघडलं तोवर मागं मुलीनं आईला बाकावरून उचलून मधल्या तक्त्यावर झोपवलं होतं.

मुलगी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. हिशेबी, कमी बोलणारी, आईच्या वळणाची. ती रडली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. शेजारणींनी आणलेलं ताट तसंच परत जायचं. दिवसभर आईच्या कपाटासमोर बसून ती साड्यांच्या घड्या मोडायची आणि पुन्हा घालायची. फक्त एकदा म्हणाली, "बाबा, तो माणूस येईल ना? त्याला मी दारात उभा करणार नाही. पुलाचं विचारणार. सगळ्यांदेखत विचारणार."

"विचार," मामा म्हणाले. त्यांनाही ते हवंच होतं.

चौथ्या दिवशी सकाळी साहेब आले. मुलीनं दार उघडलं आणि ती चौकटीत हात ठेवून उभी राहिली. साहेब आत यायला निघाले नाहीत. पायरीवरच थांबले, आणि पुलाबद्दल नाही, फाटकाबद्दल नाही, मुलीकडे बघून म्हणाले, "बाळ, तुझी आई रोज विचारायची म्हणे, सोबत किती माणसं होती. तिच्या वेळी किती होती, मोजलीस?"

मुलगी बघतच राहिली.

"रांगेचा शेवट फाटकापाशी होता, आणि पुढची माणसं स्मशानात कधीच पोचली होती," साहेब म्हणाले. "तिला आज जेवताना गप्प बसावं लागलं नसतं."

मुलीचा चौकटीवरचा हात खाली आला. घशातून कसलासा आवाज निघाला आणि ती तिथंच खाली बसून रडायला लागली. चार दिवसांचं साठलेलं. साहेब तिच्याशेजारी पायरीवर बसले, पाठीवर हात ठेवून, पाऊण तास. त्यानंतर ती उठली, तोंड धुतलं आणि स्वतःहून भात मागून घेतला.

मामा आतल्या खोलीच्या दारात उभे होते. ते शब्द आपले आहेत, दवाखान्याच्या बाकावरून आपणच सांगितलेत, हे त्यांना कळत होतं. अंत्ययात्रा मोठी असली की रांग किती लांब होती हेही वहीवाला टिपून ठेवतो, तेही ठाऊक होतं. या कारागिरीतला टाका न टाका त्यांच्या ओळखीचा होता. आणि तरीही साहेबांच्या तोंडून ते वाक्य आलं तेव्हा त्यांचे डोळे भरून आले. याची त्यांना लाज वाटली. पण रडू खरं होतं.

त्यानंतर अडीच महिन्यांनी निवडणूक होती. या खेपेला साहेबांच्या विरोधात बाई उभ्या होत्या. निवृत्त शिक्षिका, गणित शिकवायच्या, वस्तीतल्या निम्म्या पोरांचे कान त्यांनी पिळलेले. बाई मामांच्या घरी आल्या, बसल्या आणि पिशवीतून कागद काढला.

"फाटक पहिल्यांदा किती वाजता पडलं होतं?"

"दोन वाजून दहा-बारा मिनिटं झाली असतील."

"दुसऱ्यांदा उघडलं कधी?"

"दोन चाळीसला."

बाईंनी लिहून घेतलं. "अकरा वर्षांत त्या फाटकावर एकोणीस माणसं गेलीत. माझ्याकडे तारखा आहेत. पूल सहा वर्षांपूर्वी झाला असता तर त्यातली चौदा वाचली असती. तुमच्या मंडळी त्यातल्या एक. मामा, तुम्ही सभेत बोला. माझं लोक ऐकून घेतात आणि घरी जातात. तुमच्या मागून तर प्रत्येक घर चाललंय."

बाईंचं खोटं काहीच नव्हतं. त्या निवडून आल्या असत्या तर पूल झाला असता, याबद्दल मामांना तिळमात्र शंका नव्हती. फक्त, एकोणीस आकडा ऐकताना त्या एकोणिसांत आपली बायको कुठली, ते त्यांना ओळखू येईना.

सभेच्या आदल्या दिवशी मुलगी म्हणाली, "बोला बाबा, फाटकाचं सगळं बोला. मत मी बाईंनाच देणार आहे. पण साहेबांचं ते काढू नका."

"ते म्हणजे?"

"आईचं ते. बाबा, कुणालाच माहीत नव्हतं हो. मावशीलासुद्धा नाही. एवढ्या सगळ्या लोकांत बाहेरचं एकच माणूस निघालं, ज्याला आई माहीत होती."

आत्ता सांगावं, मामांना वाटलं. सांगून टाकावं की मीच सांगितलं. तोंड उघडलंही. मुलगी दोरीवरचे कपडे काढत होती आणि कित्येक दिवसांनी तिचा चेहरा मोकळा दिसत होता. मामांनी उघडलेलं तोंड मिटलं. पोरीजवळ आईची अशी एवढीच वस्तू उरलेली होती. ती तिच्या हातून काढून घ्यायची, तीही बापानं?

सभेत मामा बोलले. गाडी, फाटक, माना खाली घालणारे लोक, धीर देणारा तो भला माणूस. बोलता बोलता त्यांनी समोर पाहिलं आणि ते अडखळले. समोर शीळ घालणाऱ्याचा मुलगा होता. पावाची कड खाणारीची बहीण होती. त्यांच्यामागं अजून, रांगेच्या रांगा. प्रत्येकाच्या घरात मामांचं एकेक वाक्य साहेबांच्या आवाजात राहत होतं. फाटकाचं सांगायला लागलो आणि नंतर वहीचंही सांगितलं, तर या सगळ्यांची माणसं पुन्हा एकदा जातील, असं त्यांना वाटलं. त्यांनी फाटकाशीच बोलणं संपवलं. बायका डोळे पुसत होत्या. पुरुष दातओठ खात होते.

सभेनंतर न्हाव्यानं त्यांचा हात धरला. "या खेपेला नाही सोडायचा, मामा. फार झालं. पूल पाहिजे म्हणजे पाहिजे." मग तो थोडा घुटमळला. "तसा माणूस म्हणून वाईट नाही म्हणा. आमच्या वडिलांच्या वेळी आला होता. त्याला वडिलांची शीळ माहीत होती हो."

घरापर्यंत चालताना आणखी चौघांनी मामांना थांबवलं. चौघंही संतापलेले होते. आणि चौघांनीही, निघता निघता, आवाज खाली आणून आपापली एकेक गोष्ट सांगितली. मामांनी चारही पहिल्यांदाच ऐकल्यासारख्या ऐकून घेतल्या.

गाडी चालूच होती. माणसं जायची थांबत नाहीत. पण आता परतताना, मागचा बाक रिकामा असला, तरी मामांना मागून तिचा आवाज यायचा. किती होती आज सोबत? ते आरशात बघायचे. बाक, तक्ता, आणि घट्ट बांधून ठेवलेला दोर. "होती बरीच," ते मोठ्यानं सांगायचे. एकदा सिग्नलला शेजारच्या मोटारवाल्यानं ते ऐकलं आणि घाईघाईनं काच वर केली.

मतदानाच्या दिवशी बापलेक बरोबरच गेले. शाळेतला वर्ग, पुठ्ठ्याचा आडोसा, एक यंत्र, एक बटण. मामा बाईंच्या नावापुढचं बटण दाबायला आले होते. ठरवून, बायकोच्या फोटोसमोर उभं राहून सांगून आले होते. यंत्रावर बाईंचं नाव वर होतं, साहेबांचं त्याखाली.

बोट पुढं केलं आणि मामांना वही आठवली. सव्वीस वर्षं. चार हजारांवर माणसं. साहेब हरले तर कार्यालय बंद होणार, टेबलं जाणार, वहीवाला आपल्या गावी जाणार. आणि वही? ती रद्दीत जाणार. बाई वही ठेवणाऱ्यांतल्या नव्हत्या. त्यांच्याकडे तारखा होत्या. पूल झाला की जिवंत माणसं सुखानं पलीकडे जातील, हे खरंच होतं. पण मामांच्या ओळखीची बहुतेक माणसं आता गेलेलीच होती, आणि त्यांना पुलाचा काही उपयोग नव्हता. त्या वहीच्या एका पानावर ती होती. एकसष्ट, मागे एक मुलगी, नवरा. नवरा कामावरून आला की विचारायची.

मामांनी साहेबांच्या नावापुढचं बटण दाबलं. कुणी धमकावलं नव्हतं, कुणी काही दिलं नव्हतं. आडोशातून बाहेर पडताना आपण तिला दुसऱ्यांदा फाटकाशी अडवून धरलं असं त्यांना वाटलं.

बाहेर मुलगी उभी होती. तिनं काही विचारलं नाही. त्यांनीही तिला विचारलं नाही.

साहेब आले. मताधिक्य आधीपेक्षा कमी होतं, पण निवडून आले. बाईंच्या पराभवाचं वस्तीत सगळ्यांना मनापासून वाईट वाटलं. न्हावी तर म्हणाला, हे लोकच असे, यांचं काही होणं नाही.

तिसऱ्या प्रहरी मिरवणूक गल्लीत शिरली. साहेब उघड्या जीपमध्ये उभे होते, गुलालबिलाल काही नाही, घामानं नुसते निथळत होते, आणि आवाज बसलेला. मामा आणि मुलगी दारात आले. साहेबांनी ओळखलं. हातानं जीप थांबवली, खाली उतरले आणि गर्दीतून वाट काढत थेट पायरीपर्यंत आले. वहीवाला मागं गर्दीत कुठंतरी अडकला होता, टाचा उंचावून पुढं यायला धडपडत होता.

साहेबांनी मुलीच्या डोक्यावर हात ठेवला.

"आज तुझी आई हवी होती, बाळ," ते बसलेल्या आवाजात म्हणाले. "मी विसरलेलो नाही. रात्री उशाशी टॉर्च घेऊन झोपायची. पोरं अंधारात धडपडतील म्हणून."

ती टॉर्च वळणावरच्या शिंप्याच्या आईची. गेल्या थंडीत गेली ती, वय ब्याऐंशी, मागे चार मुलगे. मामांनीच सांगितली होती.

मुलगी साहेबांच्या तोंडाकडे बघत होती. मग तिनं वळून बापाकडे पाहिलं. चष्म्याच्या काचेवरचा बारीक ओरखडा शोधावा तसं, नीट, शेवटपर्यंत पाहिलं. मामांनी नजर खाली घातली. त्यांना काही सांगायची आता गरज उरली नव्हती.

गल्लीतली माणसं वाट बघत होती. शिंपीही होता त्यांत, पलीकडच्या ओट्यावर, पण तिथवर आवाज पोचला नसावा. गेल्या अडीच महिन्यांत साठवलेलं सगळं आत्ता ती बोलेल, सगळ्यांदेखत पुलाचं विचारेल, असं मामांना वाटलं. खरं तर त्यांना तेच हवं होतं. साहेब वाट बघत होते. त्यांच्या चेहऱ्यावर घाम होता, आणि खूप दमलेल्या माणसाचं हसू.

"हो," मुलगी म्हणाली. "रोज घ्यायची उशाशी."

साहेबांनी मान हलवली, डोळ्यांच्या कडा पुसल्या आणि ते पुढच्या घराकडे वळले.